उपड्या मडक्यातली मेजवानी

गेल्या पौषातली गोष्ट. आमचा भाचा अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. आल्या दिवशी आजीच्या हातची पुरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशी थालीपीठ झाले, आणि तिसऱ्या दिवशी स्वारीने हळूच विचारले, "मामा, तुझ्याकडे ग्रिल आहे का? तुम्हां सगळ्यांना एकदा माझ्या हातचे खाऊ घालतो. जाळीवर भाजलेले मांस आणि सोबत भाजलेले बटाटे."

त्याचे म्हणणे असे, की तिकडे शनिवार-रविवारी हे काम पुरुषांचे असते. मागल्या अंगणात निखारे फुलवायचे, मांसाचा दीड इंच जाड तुकडा जाळीवर टाकायचा, बटाटे भट्टीत सारायचे आणि मित्रमंडळींना बोलवायचे. त्याच्या बोलण्यात जरा अभिमान होता, आणि आपल्याकडे असले काही नसते, अशी थोडी दयाही होती. मी म्हटले, "अरे, आठ दिवस थांब. वालाच्या शेंगा भरल्या की तुला आमचे ग्रिल दाखवतो. त्याला जाळी नाही, भट्टी नाही, तेलाचा थेंब नाही आणि पाण्याचाही नाही."

"म्हणजे काय?"

"पोपटी."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पोपटाचे मांस खाणारा मामा त्याने स्वप्नातही पाहिला नसावा!

रायगड जिल्ह्याबाहेरच्या पुष्कळ वाचकांचीही अशीच गफलत होण्याचा संभव आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. पोपटीचा पोपटाशी काही संबंध नाही. वालाच्या कोवळ्या भरल्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी असे सारे एका मडक्यात भरायचे, मडक्याच्या तोंडात भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडके जमिनीवर उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. तीन पाव तासाने जे बाहेर निघते ती पोपटी. अलिबाग, पेण, पनवेलपासून आमच्या खालापूर-कर्जतपर्यंत थंडी पडली, की शेताशेतांतून संध्याकाळी हा धूर दिसू लागतो. देशावर जसा ज्वारीचा हुरडा आणि गोवऱ्यांची आगटी, तशी कोकणच्या या उत्तर टोकाला पोपटी.

भाजलेल्या मांसाचे कौतुक काही साहेबाने आपल्याला शिकवलेले नाही. वर्गात 'शाकुंतला'ची गोष्ट निघाली, की मी मुलांना दुसऱ्या अंकातल्या विदूषकाची तक्रार सांगतो. राजाच्या शिकारीच्या नादापायी बिचाऱ्याला वेळी-अवेळी जेवावे लागते, आणि तेही बहुतेक शूलावर भाजलेले मांस! बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात निखाऱ्यावर मांस भाजण्याच्या तऱ्हा आहेत. बटाटा मात्र त्यात असणे शक्य नव्हते. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा रहिवासी. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागला आणि येताना 'बटाटा' हे नावही घेऊन आला. गंमत अशी, की त्याच्या माहेरी, पेरू देशात, आजही तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात मांस, बटाटे, शेंगा आणि सुवासिक पाला एकत्र पुरून शिजवतात. त्याला पाचामांका म्हणतात. न्यूझीलंडच्या माओरी लोकांची हांगीही त्याच जातीची. शेजारच्या वलसाडकडे उपड्या मडक्यात उबाडियू होते, आणि गुजराती उंधियू या शब्दाच्या पोटातही 'उपडे' हाच अर्थ आहे. माणूस कुठलाही असो, शेत, विस्तव आणि भूक ही तीन एकत्र आली, की त्याची बुद्धी एकाच वाटेने चालते, असे दिसते.

आता आमच्या रसायनीविषयी दोन शब्द. नावावरून कळतेच, की हे गाव शेतीच्या नावाने ओळखले जात नाही. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला, पाठोपाठ आणखी कारखाने आले, आणि मोहोपाडा, वासांबे अशा जुन्या गावांच्या परिसराला रसायनांवरून हे नाव मिळाले. पाण्याला पाताळगंगा होती. टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून घाटावरच्या तलावांचे पाणी वीज देऊन खाली उतरते आणि याच नदीला मिळते. म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. पश्चिमेला कर्नाळ्याचा सुळका, उत्तरेला प्रबळगड आणि माथेरानची भिंत, आणि मध्ये कारखान्यांच्या चिमण्या, अशा या गावात माझे बालपण गेले.

वडील इथल्याच एका कारखान्यात होते. आमच्या वसाहतीत सातारचे, नागपूरचे, केरळचे, बंगालचे असे चहूकडचे लोक. सातारकडून आलेली माझी आई पक्की शाकाहारी. अंडेसुद्धा घरात चालायचे नाही. वसाहतीच्या कुंपणापलीकडे भाताची खाचरे होती. तिथले एक शेतकरी काका वडिलांबरोबर पाळीला असायचे. पहिल्या पाळीहून सुटले, की ते घरी जाऊन शेतात उतरत. पहिल्यांदा पोपटीचे आमंत्रण आले ते त्यांचेच. आईने कपाळाला आठ्या घातल्या. काकांनी ते ओळखले असावे. त्या संध्याकाळी आम्ही शेतावर गेलो, तर तिथे दहा हात अंतर ठेवून दोन जाळ पेटलेले. काका म्हणाले, "वहिनी, तो आमचा मडका. ह्यो तुमचा. नवा आणलाय कुंभाराकडून, कसलाच हात लागलेला नाय."

त्या नव्या मडक्यात नुसत्या शेंगा, बटाटे, रताळी आणि ओवा होता. आई खूप वेळ काही बोलली नाही. मग तिने एक बटाटा फोडला, आणि तो संपवून दुसऱ्याला हात घातला. तेव्हापासून दरवर्षी आमच्या वसाहतीच्या पोपटीला दोन मडकी लागत. केरळचे कुटुंब खोबऱ्याची चटणी आणी, बंगाली बाबू आपल्याबरोबर मोहरीचे तिखट वाटण आणीत. पुस्तकातली राष्ट्रीय एकात्मता मी पुढे शिकलो आणि शिकवलीही. पण ती पहिल्यांदा चाखली ती पत्रावळीवर.

असो. वाचक-भगिनी आता कृती विचारतील, तर ती सांगतो.

आठ-दहा माणसांना सात-आठ लिटरचे, अरुंद तोंडाचे मातीचे मडके पुरे. वालाच्या भरलेल्या शेंगा दोन किलो, लहान आकाराचे बटाटे अर्धा किलो, दोन-तीन रताळी, सहा अंडी आणि तुकडे केलेली कोंबडी एक किलो. कोंबडीला आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, लिंबू आणि मीठ यांचे वाटण लावून दोन तास ठेवावे. बटाटे सालीसकट स्वच्छ धुऊन, वांग्याला देतो तशी चीर देऊन, तेच वाटण आत भरावे. शेंगा धुऊन निथळाव्यात आणि त्यांना जाडे मीठ व मूठभर ओवा चोळावा. ओवा हात राखून घालू नये. वाल वातुळ असतो, आणि ओव्याचा वास हा पोपटीचा अर्धा जीव आहे.

उरलेला अर्धा जीव भांबुर्ड्यात. कुणी याला भामरूड म्हणतात. सूर्यफुलाच्या कुळातली ही रानवट वनस्पती पावसाळा सरल्यावर शेताच्या बांधावर, पडीक जमिनीत आपोआप उगवते. पान चुरगळले, की कापरासारखा उग्र दरवळ येतो. शास्त्रज्ञ तिला ब्लूमिया म्हणतात. शेतकरी तिला तण म्हणतो आणि वर्षातले दोन महिने तिची वाट पाहतो. एक सूचना: पाला ओळखणारा माणूस बरोबर असल्याखेरीज तो तोडू नये, आणि गटाराच्या किंवा कारखान्याच्या नाल्याच्या काठचा तर मुळीच घेऊ नये.

मडक्याच्या तळाशी या पाल्याचा जाड थर द्यावा. त्यावर शेंगा, मग बटाटे-रताळी, मधोमध केळीच्या पानात बांधलेली कोंबडी आणि शेंगांच्या गादीत बसवलेली अंडी, वर पुन्हा शेंगा. शेवटी तोंडात पाला इतका घट्ट कोंबावा, की मडके उलटे केले तरी आतले काही हलता कामा नये. मग ते सपाट जमिनीवर उपडे घालून भोवती आणि वर पेंढा, सुका पातेरा, काटक्या आणि गोवऱ्या रचाव्यात. पाण्याची बादली जवळ असू द्यावी. पौष-माघात गवत वाळलेले असते आणि ठिणगीला वेळ-काळ कळत नाही. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. चर्र आवाज होऊन ते तत्काळ उडाले, की पोपटी झाली. ओल्या गोणपाटाने मडके धरून पाला काढावा आणि सारे केळीच्या पानावर ओतावे. कोंबडीचा जाड तुकडा हाडापर्यंत फोडून पाहावा. आत गुलाबी छटा दिसली, तर तेवढे तुकडे पुन्हा विस्तवावर ठेवावेत. यात भिडस्तपणा कामाचा नाही.

आमच्या भाच्याने हे सारे पाहून पहिला प्रश्न केला तो मोठा मार्मिक होता. "मामा, मडके उपडे कशासाठी? सरळ ठेवून झाकण का लावत नाही?"

मी मराठीचा मास्तर. पण रसायनीत राहून रसायनशास्त्राचे चार शब्द कानांवर पडतातच. बटाट्यात जवळजवळ चार पंचमांश पाणीच असते. शेंगा आणि मांसही पाणीदार. आच लागली, की या पाण्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा हलकी, म्हणून ती वर चढते. सरळ मडक्यात ती तोंडातून निसटली असती. उपड्या मडक्यात वर बंद तळ असतो, आणि घंटेत कोंडावी तशी ती आत कोंडते. शिवाय चुलीवर जाळ खालून लागतो, त्यामुळे तळचे करपते आणि वरचे कच्चे राहते. इथे जाळ बाजूंनी आणि वरून असतो, आणि तोंडाशी थंड जमीन. म्हणून पाला जळत नाही, राख आत शिरत नाही, आणि पदार्थ आपल्याच रसाच्या वाफेत शिजतात. वरून पाणी घालायची गरज ती कोणती?

पण खऱ्याला खरे म्हटले पाहिजे. जाळीवरच्या मांसाला जो तपकिरी, खमंग पापुद्रा येतो, तो पोपटीत येत नाही. वाफेची उष्णता शंभर अंशांच्या आसपास राहते, आणि तो खमंगपणा साधारण एकशेचाळीस अंशांपुढे जोर धरतो. मांसातली प्रथिने आणि साखर यांच्या या खेळाचे वर्णन लुई-कामीय माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. तेव्हा भाच्याची विद्याही टाकाऊ नव्हती. पुढल्या रविवारी आम्ही त्यालाही संधी दिली, आणि तीही तऱ्हा घरी करण्याजोगी असल्यामुळे सांगून ठेवतो.

बटाट्यांच्या मोठ्या फोडी मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटे अर्धवट उकडाव्यात, पाणी काढून पातेले जरा हलवावे म्हणजे फोडींच्या कडा खरबरीत होतात. मग गरम तेलात घोळवून बिडाच्या तव्यावर वा भट्टीत लाल होईतो भाजाव्यात. कोंबडीचे जाड तुकडे तासभर आधी मीठ लावून ठेवावेत आणि भाजण्यापूर्वी फडक्याने अगदी कोरडे पुसावेत, कारण ओल्या तुकड्याची आच पाणी आटवण्यातच खर्ची पडते. तवा चांगला तापू द्यावा, तुकडा टाकल्यावर सारखा हलवू नये, दोन्ही अंगांना रंग आला की आच मंद करून आतपर्यंत शिजू द्यावा आणि उतरल्यावर पाच मिनिटे तसाच ठेवून मग कापावा. म्हणजे रस ताटात न सांडता तुकड्यातच राहतो. भाच्याच्या हातचे बटाटे आईने दोनदा मागून घेतले. तिच्यासाठी तवा अर्थातच वेगळा होता.

शहरात, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पोपटीसाठी निराश होऊ नये. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर जाडे मीठ पसरावे, त्यावर पाला अंथरावा, वरच्याप्रमाणे थर लावावेत, पुन्हा पाला दाबून घट्ट झाकण ठेवावे आणि मंद आचेवर चाळीस मिनिटे ठेवावे. भांबुर्डा न मिळाल्यास केळीचे पान आणि ओव्याची पाने वापरावीत. धुराचा वास येणार नाही, हे कबूल. पण नाताळात मुले घरी असताना हा बेत करून पाहा; शेंगा सोलता सोलता घरातली सारी माणसे एका पानाभोवती बसतात, हा लाभ काही थोडा नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो.

यंदाच्या पोपटीसाठी मी भाच्याला त्याच काकांच्या शेतावर घेऊन गेलो होतो. काका आता थकले आहेत. वसाहतही पूर्वीची राहिली नाही. मे २०१७ मध्ये सरकारने हिंदुस्थान ऑर्गॅनिकचे इथले तोट्यातले विभाग बंद करायला मंजुरी दिली. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणारे रसायन बनवणारा तेवढा विभाग 'इस्रो'कडे गेला. माणसे पांगली. आणि दुसऱ्या बाजूने मुंबई जवळ आली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जमिनीला भाव आला. काकांच्या शेजारच्या तीन खाचरांत आता रंगीत झेंडे आणि चुन्याच्या रेघा दिसतात.

वाल हे पीक मोठे गरीब स्वभावाचे आहे. भात कापून झाले, की खाचरात जी ओल उरते, तिच्यावरच ते वाढते. वेगळे पाणी मागत नाही. पण त्याला भाताचे खाचर लागते. खाचर गेले की भात गेले, भात गेले की वाल गेला, बांध गेला की भांबुर्डा गेला. मग मडके कितीही चांगले असले तरी त्यात भरायचे काय?

शेंगा संपत आल्या तेव्हा भाच्याने सहज विचारले, "काका, पुढच्या वर्षी पण येऊ ना?" काका विस्तवाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरगा म्हणतो, इकून टाकू. त्याची चूक नाय. पोराबाळांचं शिक्षण हाय, दवाखाना हाय. नुसत्या शेंगांवर घर चालत नाय, मास्तर."

मी काही बोललो नाही. जमीन राखा, असा उपदेश त्यांना मी कोणत्या तोंडाने करणार? माझा पगार दर महिन्याला बँकेत जमा होतो, आणि मी ज्या इमारतीत राहतो, तीही कधीकाळी कुणाचे तरी खाचरच होती. भाचाही गप्प बसला. तिकडच्या ग्रिलचा विषय त्याने त्या संध्याकाळी काढला नाही.

निघताना काकूंनी पदराच्या गाठीतून वालाचे बी काढून त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते परत माझ्या हाती दिले, कारण विमानातून बी-बियाणे नेता येत नाही. ते मी आमच्या मागल्या अंगणात, कुंपणाशी लावणार आहे. चार वेलांच्या शेंगांनी सात लिटरचे मडके भरणार नाही, हे मला कळते. पण बी तरी राहील.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे भातकापणीची घाई असेल. त्यानंतर वाल पडेल, आणि संक्रांतीच्या सुमारास शेंगा भरतील. तेव्हा कर्जत, खालापूर, पनवेल, पेण यांच्या वाटेवर टोपली घेऊन बसलेली बाई दिसली, तर मोटार थांबवा आणि तिच्याकडून वालाच्या शेंगा घ्या. घासाघीस करू नका. वाल पिकवून चार पैसे मिळतात असे दिसले, तर एखादे खाचर आणखी एक वर्ष खाचर राहील. काकांनी अजून कागदावर सही केलेली नाही. मी मात्र यंदाही कुंभाराकडे दोन मडकी सांगून ठेवली आहेत.